जुन्या सीडीतून संगणकावर: नकलांचा एक अलीकडचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे काम कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याचं, त्यात इतिहास कसला? कपाटातली जुनी व्हीसीडी काढायची, ड्राइव्हमध्ये घालायची, फाइल उचलून संगणकावर टाकायची. पाच मिनिटांचं काम. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला आपल्याकडचा बराच मोठा ऐवज आज याच पाच मिनिटांच्या कामावर अवलंबून आहे. तो ऐवज कुठला, तो या चकत्यांवर कसा येऊन बसला, त्याची जबाबदारी कुणाचीच का नाही आणि तो उतरवून घेताना नेमकं काय वाचतं नि काय हरवतं, हे आज आपण क्रमाने पाहणार आहोत.

सुरुवात सीडीच्या बरीच आधी करू. छपाई येण्यापूर्वी ग्रंथ टिकायचा तो नकलेवर. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षं ती हाताने उतरवली गेली. एकाने उतरवलेलं दुसऱ्याने पाहून उतरवलं, त्याचं तिसऱ्याने. कुणाची ओळ सुटली, कुणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने ओळखीचा घातला, कुणी आपल्या पदरची ओवी जोडली. शेवटी एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, उपलब्ध पोथ्या घेऊन शुद्ध पाठ तयार केला, आणि यापुढे कुणी यात स्वतःची ओवी घालू नये अशी स्पष्ट ताकीदही दिली. या प्रसंगाकडे आपण सहसा भक्तीच्या अंगाने पाहतो. नकलांच्या इतिहासात मात्र तो एक तांत्रिक टप्पा आहे. नकलेची नकल होत गेली की दोष साचत जातात, आणि केव्हातरी कुणाला तरी बसून मूळ काय होतं ते ठरवावं लागतं.

व्हिडिओ कॅसेटचा काळ या दृष्टीने थेट पोथीच्या काळासारखाच होता. १९८०च्या दशकात आपल्याकडे व्हीसीआर आले. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र थोडं पुसट व्हायचं, रंग पसरायचे, आवाजात खरखर वाढायची. तिसऱ्या-चौथ्या नकलेत नवरदेवाचा फेटा आणि मागचा पडदा यांच्यातली कड कुठे आहे ते सांगता यायचं नाही. त्यात आपली हवा दमट. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यानंतर कॅसेट उघडली तर फितीवर पांढरी बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली की हेडही खराब. म्हणजे नकल करावी तर दर्जा जातो, न करावी तर मूळच जातं. या कोंडीत आपण असताना सीडी आली.

संगीताची सीडी बाजारात आली १९८२ साली. बारा सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक, त्यावर अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर, त्यावर लाखेसारखं लेपण आणि त्यावर छापील नाव. माहिती असते ती मधून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेवर. ती रेषा सरळ केली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल. मग व्हिडिओ आकुंचित करण्याचं एमपीईजी-१ हे मानक तयार झालं आणि १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचे नियम निश्चित केले. ते ज्या पुस्तिकेत आहेत तिला व्हाइट बुक म्हणतात.

हे नियम बेतले होते साध्या संगीत सीडीच्या वेगावर. संगीताची सीडी सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती देते. तेवढ्यातच चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे होते. म्हणून चित्राला ११५० आणि आवाजाला २२४ किलोबिट अशी वाटणी झाली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टीव्हीच्या चित्राच्या ५७६ ओळी दिसतात, व्हीसीडीने त्यातल्या निम्म्या, म्हणजे २८८ ठेवल्या. आजच्या फुल एचडी चित्राच्या मानाने व्हीसीडीच्या चित्रात विसावा हिस्सा बिंदू असतात. एका चकतीवर ७४ मिनिटं. म्हणून अडीच तासांचं नाटक नेहमी दोन-तीन चकत्यांत यायचं, आणि ऐन प्रसंगात उठून पुढची चकती लावावी लागायची. हे इथल्या अनेकांना आठवत असेल.

अमेरिकेत आणि युरोपात व्हीसीडी फारशी रुजलीच नाही. ती रुजली आशियात. १९९३मध्ये चीनच्या हफेई शहरातल्या वानयान कंपनीने घरगुती व्हीसीडी प्लेअर आणला आणि पुढच्या काही वर्षांत चिनी कारखान्यांनी स्वस्त प्लेअरचा पूर आणला. कारणं सरळ होती. चकतीला बुरशीचं भय कॅसेटइतकं नाही, ती गुंडाळायची नाही, साच्यातून छापायला काही सेकंद लागतात, आणि तिच्यावर कुलूप नाही. डीव्हीडीवर आलं तसं सांकेतिक कुलूप व्हीसीडीवर कधीच नव्हतं. प्रदेशाचा कोडही नाही. म्हणजे दादरला घेतलेली नाटकाची व्हीसीडी दुबईत चालायची. चोरट्या नकलांना याच गोष्टीने रान मोकळं दिलं, हे खरं. आणि आज आपल्याला हा ऐवज वाचवता येतो तोही याच गोष्टीमुळे, हेही तितकंच खरं.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. महाराष्ट्रात या चकत्यांवर काय आलं?

मोठे चित्रपट आले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली तेव्हा भाड्याने चकत्या देणाऱ्या दुकानांचं गणितच बिघडलं. पुढे ती कंपनीही टिकली नाही, २०१८मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. पण मोठ्या चित्रपटांची आपल्याला तितकी काळजी नाही. त्यांची फिल्म कुठेतरी असते, हक्कदार असतो, वाहिन्यांना ते हवे असतात.

काळजी आहे ती त्याखालच्या थराची. मालेगाव घ्या. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. स्थानिक कलाकार, तुटपुंजा खर्च, व्हिडिओ कॅमेरा. त्यातून तिथे चित्रपटांचा एक छोटा धंदाच उभा राहिला, आणि पुढे खानदेशी विनोदी फितींचा माल व्हीसीडीवरून गावोगाव गेला. याला फिल्म कधी नव्हतीच. व्हिडिओवरच जन्म, व्हिडिओवरच प्रसार.

दुसरं उदाहरण चैत्यभूमीचं. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या आणि भाषणांच्या कॅसेट, नंतर सीडी आणि व्हीसीडी लागायच्या. गावोगावचे शाहीर, गायनपार्ट्या, जलसे. वृत्तपत्रांत यांची परीक्षणं येत नव्हती, वाहिन्यांवर यांना जागा नव्हती. त्यांचं प्रकाशन म्हणजे हीच चकती. तमाशाचे वग, दशावतार, भारूड, कीर्तनं, अहिराणी आणि मालवणी गाणी, गोव्यात तियात्र, सगळ्यांची हीच गोष्ट. प्रकाशक एखाद्या तालुक्याच्या गावातला दुकानदार, छापलेल्या प्रती काही शे किंवा काही हजार, आणि प्रकाशनाचं साल बऱ्याचदा वेष्टनावरही नाही.

तिसरा थर घरचा. लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती, शाळेची गॅदरिंग, गावची जत्रा. १९९०च्या दशकात व्हीएचएसवर काढलेलं लग्न २००० नंतर व्हीसीडीवर उतरवून घेतलं गेलं आणि मूळ कॅसेट टाकून दिली गेली. या चित्रफितींत आजोबा चालताना दिसतात, आजीचा आवाज ऐकू येतो. फोटोत ते नाही. आणि समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला यातून आणखी काय काय मिळतं बघा. पंगत कशी बसली, कोण वाढत होतं, बायका कुठे उभ्या होत्या, मांडवात कुठली गाणी वाजली, आहेरात काय होतं, गावातल्या कुठल्या घरांना पत्रिका होती आणि कुणाचा मुक्काम वेगळ्या आळीत होता. दप्तरखान्यात असलं काही सापडत नाही.

मग कुणी विचारेल, हे सगळं जपण्याची व्यवस्था सरकारकडे नाही का? पुस्तकांसाठी आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना द्यायची असते. नंतर त्यात वृत्तपत्रंही आली. म्हणून एखाद्या लहानशा गावातली चाळीस पानी कवितासंग्रहाची पुस्तिकासुद्धा कुठेतरी सापडण्याची शक्यता असते. पण त्या कायद्यात व्हिडिओ नाही. चकती काढणाऱ्यावर ती कुठे जमा करण्याचं बंधन नव्हतं, त्यामुळे ती कुठे जमा झाली नाही.

चित्रपटांसाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने तिथे जन्म घालवला. तरी आपला चित्रपटांचा इतिहास काय सांगतो? १९३१च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज नाही. फाळक्यांच्या मूकपटांतलं बहुतेक नाहीसं झालं. जुन्या फिल्म चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि हाती होतं त्यातलंही बरंच गेलं. पत्र्याच्या डब्यात, नोंदवहीत क्रमांक घालून ठेवलेल्या फिल्मची ही अवस्था, तर टीव्हीखालच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या व्हीसीडीची काय होणार? किती घरांच्या सज्जात आज कबुतरं हाकलायला सीडी टांगलेल्या आहेत, शेतात पाखरांसाठी दोरीला बांधलेल्या आहेत, ते मोजून बघा. फिल्ममधल्या चांदीसाठी चित्रपट वितळवले गेले, आणि चकतीच्या चकाकीसाठी व्हीसीडी टांगल्या गेल्या.

कायद्याची आणखी एक बाजू लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे चित्रफितीचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. २००२मध्ये निघालेल्या व्हीसीडीवरचा मजकूर सर्वांना खुला होईल तो २०६२ संपल्यावर. तोवर ती चकती वाचता येईल का? बहुतेक नाही. १९५७च्या कायद्याचं कलम ५२ खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी रास्त उपयोगाची मुभा देतं. म्हणजे आपल्या घरातली चकती आपल्या वापरासाठी संगणकावर उतरवून घेणं वेगळं आणि ती जगासाठी इंटरनेटवर चढवणं वेगळं. हा फरक पाळला पाहिजे. विशेषतः लहान कलावंतांच्या बाबतीत, कारण त्यांचं मानधन आधीच चोरट्या नकलांनी खाल्लेलं आहे.

आता चकती मरते कशी ते पाहू. लोक खालची, चकचकीत बाजू जपतात आणि सीडी पालथी ठेवतात. खरं तर सीडीत माहितीचा थर वरच्या, नाव छापलेल्या बाजूला अगदी लगत असतो. त्याच्यावर लेपण आणि शाई, बस्स. खालून प्लॅस्टिकवर आलेला ओरखडा पुष्कळदा निभावतो, पण वरून बॉलपेनने दाबून लिहिलं, चिकटवलेलं लेबल ओढून काढलं, की अॅल्युमिनियमच निघून येतं. आणि ते गेलं की सगळंच गेलं. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो म्हणून वरून ती जास्त सुरक्षित, पण दोन थरांमधला डिंक सुटला की तीही जाते.

दुसरी गोष्ट. कारखान्यात साच्यातून छापलेली चकती आणि स्टुडिओवाल्याने संगणकावर 'राइट' करून दिलेली चकती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. राइट केलेल्या चकतीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या थरात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हे रंगद्रव्य बिघडतं. म्हणजे बाजारात विकलेली चित्रपटाची चकती जास्त टिकते आणि जगात एकच प्रत असलेली लग्नाची चकती आधी मरते.

उतरवून घेण्याच्या कामात एक घोटाळा फार जणांना भोवतो, तोही इतिहासातूनच आलेला आहे. व्हीसीडी संगणकात उघडली की काही फोल्डर दिसतात. त्यातल्या एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असतात, त्यातच चित्र आणि आवाज. विंडोजवर ही फाइल ओढून घेतली की येते, पण चकतीवरच्या प्रत्येक विभागाची वेष्टनंही सोबत येतात. काही प्लेअर ती चालवतात, काही नाही. घरोघरी यावर एक युक्ती प्रचलित होती. फाइलच्या नावातलं डॅट काढायचं आणि एमपीजी लिहायचं. त्याने फाइल बदलत नाही, फक्त पाटी बदलते. प्लेअर समजूतदार असला की चालते, इतकंच. ही वेष्टनं खरोखर सोलून काढणारी साधनं आहेत, आणि ती चित्राला धक्का न लावता हे काम करतात. लिनक्सवर साध्या कॉपीने ही फाइल बहुधा येतच नाही. तिथे व्हीसीडीचे विभाग थेट वाचणारं साधन वापरावं लागतं.

असं का? कारण व्हीसीडी करणाऱ्यांनी जागेसाठी एक सौदा केला होता. सीडीवरचा प्रत्येक विभाग २३५२ बाइटचा असतो. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट माहितीला आणि २७६ बाइट चूक दुरुस्त करण्याच्या जादा तजविजीला दिलेले असतात. हिशेबाच्या फाइलमध्ये एक आकडाही चुकून चालत नाही म्हणून. व्हिडिओच्या बाबतीत ठरलं असं की एखाद्या क्षणी चित्रावर डाग पडला तर बिघडलं कुठे? ती तजवीज काढली आणि २३२४ बाइट चित्राला दिले. म्हणून ज्या चकतीवर साधी माहिती ६५० एमबी मावते तिच्यावर व्हिडिओ सुमारे ७४० एमबी मावला. दुरुस्तीचा खालचा थर राहिला, वरचा गेला.

या सौद्याची किंमत आज आपण देतो आहोत. टीव्हीला जोडलेला प्लेअर ओरखड्यापाशी अडखळतो, चौकोन चौकोन दिसतात आणि पुढे जातो. संगणक मात्र फाइलकडे फाइल म्हणून पाहतो. एक विभाग वाचता आला नाही की 'कॉपी करता येत नाही' म्हणून अख्खी ७० मिनिटं सोडून देतो. आणि माणूस म्हणतो, सीडी गेली. ती गेलेली नसते, तिचे एक-दोन सेकंद गेलेले असतात. अशा वेळी वाईट विभाग सोडून पुढे जाणारं साधन वापरायचं, वाचनाचा वेग कमी करायचा, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहायचं. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हे या कामात रोजचं आहे. चकती पुसायची ती मऊ कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो.

डीव्हीडी आली १९९६च्या अखेरीस, जपानमध्ये. चित्राच्या ओळी पुन्हा ५७६ झाल्या, एका थरावर ४.७ जीबी मावू लागले, आणि कुलूपही आलं. ते १९९९मध्ये नॉर्वेच्या योन लेक योहान्सन या १५ वर्षांच्या मुलाने दोन अनामिक सोबत्यांबरोबर उघडलं. त्याच्यावर खटला झाला. विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर पाहणं हा गुन्हा कसा, असा तो प्रश्न होता. ऑस्लोच्या न्यायालयाने २००३ साली त्याला निर्दोष सोडलं आणि अपिलातही तेच ठरलं. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. स्वामित्वहक्काचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. हेतू हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. घरच्या समारंभाच्या डीव्हीडीवर मात्र कुलूप नसतंच. तिच्या व्हिडिओ-टीएस फोल्डरात १ जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइल असतात. त्या सुट्या उचलण्याऐवजी अख्ख्या चकतीची एक आयएसओ फाइल करावी, म्हणजे क्रम आणि मेनू दोन्ही राहतात. कॅमेऱ्यात घालायच्या आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी असतील तर त्या 'फायनलाइज' केलेल्या आहेत का ते पाहावं. ते करायचं राहून गेलं असेल तर संगणकाला चकती कोरी दिसते. कोरी दिसली म्हणून ती टाकू नये.

हे सगळं फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. १९८६ साली बीबीसीने 'डूम्सडे' नावाचा प्रकल्प केला. इंग्लंडमधल्या १०८६च्या जमीनपाहणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षं झाली म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात शाळकरी मुलंच जास्त, आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रं दिली. ती लेसरडिस्कवर घातली. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली. शेवटी २००२च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राची नकल करणारी संगणकप्रणाली लिहून ते बाहेर काढावं लागलं. नऊशे वर्षांपूर्वीचा चामड्यावरचा ग्रंथ तेव्हाही वाचता येत होता. चकती शाबूत असूनही वाचणारं यंत्र नाही, ही वेळ आपल्यावरही येते आहे. २००८मध्ये सीडी ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर आला, आणि आज दुकानात ड्राइव्ह असलेला लॅपटॉप शोधावा लागतो. यूएसबीला जोडायचे ड्राइव्ह अजून मिळतात. अजून मिळतात, तोवरच हे काम करून घ्यायला हवं.

आता एकनाथांची ताकीद पुन्हा आठवू. हल्ली जुना व्हिडिओ 'सुधारून' देणारी साधनं निघाली आहेत. ती २८८ ओळींचं चित्र मोठं करतात आणि नसलेले तपशील अंदाजाने भरतात. आजीचा चेहरा गुळगुळीत आणि रेखीव दिसतो, पण त्या रेषा आजीच्या नसतात, यंत्राने जोडलेल्या असतात. पदरची ओवी म्हणतात ती हीच. पाहायला करायचं असेल तर जरूर करावं, पण वेगळी प्रत करून. मूळ फाइल जशी चकतीवर होती तशीच ठेवावी. तेच लहान करण्याबाबत. मोबाइलवर पाठवायला व्हिडिओ पुन्हा आकुंचित केला की कॅसेटच्या नकलेसारखाच दर्जा जातो. चकतीवरून जशीच्या तशी घेतलेली फाइल मात्र हजाराव्या नकलेतही पहिल्याइतकीच राहते. पोथीला आणि कॅसेटला हे कधी जमलं नव्हतं. आणि जागेची सबब आता उरलेली नाही. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर हजाराहून अधिक व्हीसीडी मावतात.

पोथीवाल्यांची आणखी एक रीत उचलण्यासारखी आहे. नकल संपली की लेखनिक शेवटी ग्रंथसंख्या किंवा ओवीसंख्या लिहायचा, शक, तिथी, गाव आणि कुणासाठी लिहिलं तेही लिहायचा. संख्येवरून पुढच्याला कळायचं की मधली ओळ गळली का. आज हेच काम चेकसम करतो. फाइलवरून काढलेली एक खूण, जी फाइलमधला एक बिंदू बदलला तरी बदलते. ती लिहून ठेवावी. आणि बाकीचा मजकूर तर कुठलंच यंत्र लिहीत नाही. वेष्टनाची दोन्ही बाजूंची छबी घ्यावी, कारण गायकाचं, ढोलकीवाल्याचं, दुकानाचं नाव बऱ्याचदा तिथेच असतं. समारंभ कुणाचा, कुठल्या गावी, साधारण कुठल्या साली, चित्रात डावीकडून कोण कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून लिहून घ्यावं. चकती आणखी दहा वर्षं थांबेलही. ओळखणारी माणसं तितकी थांबतीलच असं नाही. नावं नसलेली शंभर तासांची चित्रफीत पुढच्या पिढीला अनोळखी माणसांची गर्दी वाटेल.

शेवटी क्रमाबद्दल, कारण वेळ थोडा असतो आणि चकत्या पुष्कळ. मोठ्या कंपनीचा चित्रपट सगळ्यात शेवटी, तो दुसरीकडे मिळेल. आधी स्टुडिओने किंवा घरी राइट केलेल्या चकत्या, कारण त्यांची दुसरी प्रत नाही आणि त्या आधी मरतात. मग छोट्या प्रकाशकांच्या: शाहीर, जलसा, वग, दशावतार, गावची नाटकमंडळी. मग नाटकं आणि कीर्तनं. प्रत्येकाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. आणि उतरवून झाल्यावरही मूळ चकती फेकायची नाही. आजच्या ड्राइव्हला जे दिसलं नाही ते पुढे कुणाला तरी दिसेल. राजवाड्यांनी गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा केली, तेव्हा अनेक घरांना ती रद्दीच वाटत होती. आपला माळा म्हणजे टीव्हीखालचा खण आहे.

इथे थांबू. कुणी आपल्याकडच्या चकत्या सोबत आणल्या असतील तर प्रश्नोत्तरं झाल्यावर त्या इथल्या ड्राइव्हमध्ये घालून पाहू.